सात आखूड भोंगे आणि एक लांब

शाळेच्या नोकरीत ज्याने अठ्ठावीस वर्षे इतरांच्या नावापुढे 'उशिरा' असा शेरा मारला, त्याच्याच नावापुढे तो शेरा एकदा पडावा, आणि तोही भर बंदरात, तीन-चारशे माणसांच्या देखत, हा योग माझ्या पत्रिकेत होता. तो कसा आला हे सांगितल्यावाचून पुढच्या विषयाकडे वळणे अप्रामाणिकपणाचे होईल.

गेल्या हिवाळ्यात आमच्या विवाहाला तीस वर्षे झाली. ठाण्याला असलेल्या मुलीने व जावयाने त्या निमित्ताने मुंबई-गोवा अशा जलपर्यटनाची तिकिटे आम्हांला न विचारताच काढून ठेवली. आम्ही तीन पिढ्यांचे बडोदेकर. विश्वामित्रीकडे आम्ही पाहतो ते पुलावरून मगरी दिसतात म्हणून, नाहीतर पुराच्या धास्तीने. अशा माणसांना दहा-अकरा मजल्यांचे जहाज म्हणजे तरंगते नगरच वाटावे यात नवल नाही. दुपारी आम्ही जहाजावर चढलो, केबिनमध्ये सामान टाकले आणि मी वरच्या डेकवर जाऊन उभा राहिलो. समोर मुंबईचे बंदर उन्हात चकाकत होते. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली, की जहाज सुटण्यापूर्वी सर्व प्रवाशांनी आपापल्या कार्डावर लिहिलेल्या ठिकाणी जमावे.

"अहो, चला, बोलावताहेत," सौ. म्हणाली.

"तू हो पुढे. विमानात नाही का दाखवत? तेच असणार."

ती गेली. मी कठड्याला टेकून उभाच राहिलो. थोड्या वेळाने एक तरुण नोकर शोधत आला. गोव्यातील बार्देशचा हा मुलगा. तिकडे ज्यांना तारवटी म्हणतात त्या, पिढ्यान्‌पिढ्या परदेशी जहाजांवर नोकरी करणाऱ्या घराण्यांपैकी एकातला, हे मला मागाहून कळले. अत्यंत नम्रपणे तो म्हणाला, "काका, तुमच्यासाठी मोजणी अडली आहे. सगळे जमले, एक माणूस कमी येतो."

जहाजाच्या नाट्यगृहात मी शिरलो तेव्हा जमलेल्या मंडळींनी माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, ती दृष्टी माझ्या चांगली परिचयाची होती. प्रार्थना सुरू झाल्यावर फाटकातून आत येणाऱ्या मुलाकडे आमची सारी शाळा त्याच दृष्टीने पाहते. सौ.ने तर माझ्याकडे पाहिलेच नाही.

त्या जागेला जहाजाच्या परिभाषेत 'मस्टर स्टेशन' म्हणतात. मराठीचा शिक्षक असल्यामुळे शब्दावर रेंगाळण्याची खोड मला आहे, म्हणून सांगतो. 'मस्टर' हा शब्द आपल्याकडे कचेऱ्यांतून आणि शाळांतून इतका रुळला आहे, की तो परका वाटतच नाही. परंतु आपल्याकडे मस्टर म्हणजे सही करण्याची वही. जहाजावर मस्टर म्हणजे माणसांनी प्रत्यक्ष गोळा होणे आणि ती मोजली जाणे. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांत केवढे अंतर आहे, ते त्या दिवशी नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेत बसताना माझ्या ध्यानात आले नव्हते. ते पुढे आले.

आता त्या अर्ध्या तासात काय झाले ते पाहू. प्रथम भोंगा ऐकविण्यात आला: सात आखूड आणि त्यानंतर एक लांब. हा इशारा जगातील कोणत्याही प्रवासी जहाजावर हाच. सातांहून अधिक आखूड भोंगे होतील, कमी होणार नाहीत. भाषा न कळणाऱ्यालाही तो कळावा म्हणून तो शब्दांत नाही. मग जीवरक्षक जाकीट कसे घालावे ते एका मुलीने दाखविले. त्याचा पट्टा सैल राहिला तर माणूस पाण्यात पडताच जाकीट हनुवटीवर चढते आणि माणूस खाली घसरतो. म्हणून पट्टा घट्ट ओढावयाचा. जाकिटाला एक शिट्टी व एक दिवा असतो. रात्रीच्या काळोखात, लाटांमध्ये, माणसाचे डोके नारळाएवढेसुद्धा दिसत नाही. ऐकू येते ती शिट्टी, आणि दिसतो तो दिवा. लहान मुलांची व तान्ह्या बालकांची जाकिटे वेगळी असतात. नियमाप्रमाणे ती जहाजावर असतातच, पण आपल्या केबिनमध्ये ती आहेत की नाहीत, हे नातवंडांना घेऊन जाणाऱ्याने पहिल्या तासातच विचारून घ्यावे. लिफ्ट वापरावयाची नाही. सामानासाठी परत फिरावयाचे नाही. रोजची औषधे मात्र हाताशी असू द्यावीत, हे आमच्या वयाच्या मंडळींसाठी त्या मुलीने मुद्दाम सांगितले.

परतताना एक गोष्ट सौ.ने केली, जी मला सुचली नसती. नाट्यगृहापासून केबिनपर्यंत ती बोटाने दारे मोजीत आली. जिन्यापासून डाव्या हाताला अकरावे दार आमचे. "दिवे गेले तर?" एवढेच ती म्हणाली. अशा प्रसंगी वाट दाखविण्यासाठी मार्गिकेत जमिनीलगत उजळणाऱ्या पट्ट्या बसविलेल्या असतात, कारण धूर वर साचतो आणि वरचे दिवे आधी दिसेनासे होतात. तरीही अकरा हा आकडा डोक्यात असलेला बरा.

त्या बार्देशच्या मुलाला मी संध्याकाळी गाठून विचारले, की हे सारे जहाज सुटण्यापूर्वीच करण्याचा एवढा अट्टहास का? उद्या सकाळी, सगळे स्थिरस्थावर झाल्यावर केले तर काय बिघडेल? तो हसला नाही. म्हणाला, "पूर्वी चालायचं, काका. चोवीस तासांत घेतली की झाली. इटलीत ते जहाज गेलं, तेव्हापासून बदललं."

ते जहाज म्हणजे 'कोस्टा कॉनकॉर्डिया'. घरी परतल्यावर मी त्याविषयी मिळेल ते वाचून काढले.

१३ जानेवारी २०१२ च्या संध्याकाळी रोमजवळच्या चिवितावेक्किया बंदरातून हे प्रचंड जहाज उत्तरेस सावोनाकडे निघाले. जहाजावर एकूण ४,२२९ माणसे होती. त्यांपैकी हजाराहून थोडा अधिक नोकरवर्ग, बाकीचे प्रवासी. सहाशेहून अधिक प्रवासी त्याच संध्याकाळी त्या बंदरात नव्याने चढले होते. त्यांची कवायत दुसऱ्या दिवशी ठरली होती. यात नियमभंग काहीच नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. नियमच तसा होता, की प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांच्या आत कवायत व्हावी. बंदर सोडल्यापासून खडकावर आदळण्याला मात्र अडीच तासही लागले नाहीत.

कप्तानाने जिल्यो नावाच्या लहानशा बेटाच्या अगदी जवळून जहाज नेले. रात्री पावणेदहाच्या सुमारास ते किनाऱ्याजवळच्या खडकांवर घासले आणि पाण्याखाली त्याची डावी बाजू कित्येक मीटर फाटली. प्रवासी त्या वेळी भोजनगृहात होते. दिवे गेले. ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आले, की विजेचा बिघाड आहे, सारे काही ताब्यात आहे. काही ठिकाणी नोकरांनी प्रवाशांना आपापल्या केबिनमध्ये परत जाण्यास सांगितले. इशाऱ्याचा भोंगा झाला तो साडेदहा वाजून गेल्यावर, म्हणजे धडक बसल्यानंतर पाऊण तास उलटून. जहाज सोडण्याचा हुकूम झाला तो अकराच्या सुमारास. वाऱ्याने जहाज परत बेटाकडे ढकलले व ते किनाऱ्यालगत कलंडून पडले, हे दैव म्हणावयाचे. खोल समुद्रात ते असते तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. तरीही बत्तीस माणसे गेली. जहाज कलू लागल्यावर ज्या मार्गिका आडव्या होत्या त्या उभ्या विहिरींसारख्या झाल्या, आणि एका बाजूकडून दुसरीकडे जाऊ पाहणारे त्यांत कोसळले. नोकरवर्गात भारतीय पुष्कळ होते. मृतांत एक भारतीयही होता. त्याचे अवशेष सर्वांत शेवटी, म्हणजे २०१४ च्या नोव्हेंबरात, सापडले. कप्तानाला २०१५ साली सोळा वर्षांची शिक्षा झाली. प्रवासी उतरलेले नसतानाच तो जहाज सोडून गेला होता, हाही एक आरोप त्याच्यावर होता.

कप्तानाचा दोष उघड आहे आणि त्यावर जगभर लिहिले गेले. माझे मन मात्र त्या सहाशे माणसांभोवती घोटाळत राहिले. आपले मस्टर स्टेशन कोणते, जाकीट कोठे आहे, तेथे जाणारा जिना कोणता, यांपैकी काहीही त्यांना ठाऊक नव्हते. अंधारात, कललेल्या जमिनीवर, अनोळखी भाषांच्या गोंगाटात ते त्यांना शिकावयाचे होते.

१ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला. चोवीस तासांहून अधिक काळ जहाजावर राहणाऱ्या प्रवाशांची कवायत आता जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच घ्यावी लागते. मोठ्या कंपन्यांनी तर २०१२ सालीच ही प्रथा आपण होऊन स्वीकारली होती.

हे सारे नियम ज्या कराराखाली येतात तो मुळात टायटॅनिकचे अपत्य आहे. १९१२ च्या एप्रिलात ते जहाज बुडाले तेव्हा त्यावर सुमारे बावीसशे माणसे आणि वीस बचावनौका होत्या. नौकांत जागा होती १,१७८ जणांना. नौका अपुऱ्या होत्या हे शाळेतील मुलांनाही माहीत असते. परंतु ज्या होत्या त्याही भरल्या नाहीत, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पहिली नौका पाण्यात उतरली ती निम्मीसुद्धा भरलेली नव्हती. उबदार, उजळलेले, भक्कम जहाज सोडून एवढ्याशा होडीत काळोखात का उतरावे, हे प्रवाशांना पटेना. आणि नौका पूर्ण भरून खाली सोडण्याची नोकरांना सवय नव्हती. दीड हजारांच्या आसपास माणसे गेली. १९१४ साली समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि पुढे तो अनेकदा सुधारला गेला.

प्रत्येक सुधारणेमागे एखादे जहाज असतेच. १९५६ च्या जुलैत 'आंद्रेआ डोरिया' हे इटालियन जहाज अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाशी आदळले आणि लगेच इतके कलले, की वर गेलेल्या बाजूच्या नौका खाली सोडताच येईनात. म्हणजे नौका मोजून पुरेशा असल्या तरी प्रसंगी निम्म्याच उपयोगी पडतात. आज लांबच्या प्रवासाच्या जहाजांवर दोन्ही बाजूंच्या नौकांखेरीज फुगविता येणारे तराफेही ठेवलेले असतात, ते याचसाठी.

या नियमावलीत एक कलम आहे, ते मी दोनदा वाचले. प्रवासी जहाजावरील सर्व नौका, माणसांनी व सामग्रीने पूर्ण भरून, जहाज सोडण्याचा हुकूम झाल्यापासून तीस मिनिटांत पाण्यात उतरल्या पाहिजेत. मात्र ही तीस मिनिटे मोजावयाची ती सर्व माणसे जाकिटे घालून जमल्यानंतर. यंत्रे, दोर, कप्प्या आणि दर आठवड्याला कवायत करणारा नोकरवर्ग त्या अर्ध्या तासाची हमी देतात. त्याच्या आधीचा वेळ, केबिनपासून मस्टर स्टेशनपर्यंतचा, कोणीही हमी देऊ शकत नाही. तो प्रवाशाच्या पायांत असतो. आणि त्या दिवशी वरच्या डेकवर कठड्याला टेकून मी नेमका तोच वेळ खात होतो.

हुकूम देणाराच नसला तर? तसेही घडले आहे. १९९१ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ 'ओशेनॉस' नावाचे ग्रीक पर्यटन-जहाज वादळात बुडू लागले. कप्तान व त्याचे बरेच अधिकारी प्रवाशांच्या आधी निघून गेले. मागे राहिले करमणूक करणारे कलावंत! मॉस हिल्स नावाच्या गिटारवादकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी बिनतारी यंत्रावरून मदत मागितली, लोकांना धीर दिला, हेलिकॉप्टरच्या दोरांना माणसे बांधून वर पाठविली. जहाजावरील ५७१ माणसांपैकी एकही दगावले नाही. आमच्या गणेशोत्सवातील करमणुकीच्या कार्यक्रमांना नाके मुरडणाऱ्या मंडळींना मी ही हकीकत हल्ली आवर्जून सांगतो.

याउलट उदाहरणही आहे, आणि शिक्षकाला ते अधिक अस्वस्थ करते. १६ एप्रिल २०१४ रोजी दक्षिण कोरियात 'सेवोल' ही प्रवासी बोट कलू लागली तेव्हा 'आहात तेथेच थांबा' अशी सूचना पुनःपुन्हा देण्यात आली. बोटीवर एका शाळेची सहल होती. मुलांनी आज्ञा पाळली. ३०४ माणसे गेली, त्यांत २५० विद्यार्थी होते. आपण मुलांना रांगेत उभे राहावयास आणि सांगितले ते ऐकावयास शिकवितो, तेव्हा बाहेर पडण्याची वाट त्यांना स्वतःला ठाऊक आहे काय, हेही विचारीत गेले पाहिजे, असे मला त्या दिवसापासून वाटू लागले आहे.

कोविडच्या साथीनंतर पुष्कळ जहाजांवर कवायतीचे रूप पालटले आहे. सर्वांनी एकत्र जमण्याऐवजी प्रवासी आपल्या फोनवर किंवा केबिनमधील पडद्यावर सूचना पाहतो, भोंगा ऐकतो, आणि मग सवडीने मस्टर स्टेशनवर जाऊन हजेरी लावून येतो. गर्दी टळते, वृद्धांना ताटकळावे लागत नाही, हे खरे. जमावात मागे उभ्या राहणाऱ्याला काही दिसत नसे, तेही आता दिसते. तरी पडद्यावर सूचना चालू ठेवून माणूस चहा ओतून घेतो, हेही मी जाणतो. वर्गात पाठ चालू असताना खिडकीबाहेर पाहणाऱ्यांचा मला अनुभव आहे. मस्टर स्टेशनपर्यंत स्वतःच्या पायांनी जाण्याची अट त्यांनी काढली नाही, यात मात्र शहाणपण आहे.

त्या संध्याकाळी आमचे जहाज बंदराबाहेर पडले तेव्हा सूर्य मावळला होता. आजोबा सांगत ती 'रामदास'ची हकीकत मला आठवली. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही आगबोट काशाच्या खडकाजवळ पावसात कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. लाट आली, भिजू नये म्हणून माणसे एका बाजूला सरली आणि बोट त्या बाजूला झुकली, असे सांगतात. त्या पाण्यावर दुर्दैव संपलेले नाही. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि पंधरा जण गेले. बोटीवरच्या अनेकांच्या अंगात त्या क्षणी जाकीट नव्हते. मुंबईचे दिवे मागे पडत होते. सौ.ने विचारले, "काय पाहता एवढे?" मी म्हणालो, "काही नाही."

आम्हां बडोदेकरांना एवढ्या दूर जाण्याची गरजच नव्हती. १८ जानेवारी २०२४ रोजी आमच्या गावच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची नाव उलटली. बारा मुले व दोन शिक्षिका गेल्या. नावेत क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक माणसे होती आणि बऱ्याच मुलांना जाकिटे दिलेलीच नव्हती. ती शाळा आमची नव्हे. दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेच्या प्रांगणात मी सर्व मुलांना दोन मिनिटे स्तब्ध उभे केले. खाली बसल्यावर पहिलीतल्या एका मुलीने तिच्या बाईंना विचारले, की ते पोहत का नाही आले? बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी कार्यालयात निघून गेलो.

कार्यालयातील कपाटात एक वही आहे. आग, भूकंप वा अन्य आपत्ती आल्यास शाळा रिकामी करण्याची कवायत सत्रातून ठरावीक वेळा घ्यावी आणि तिची नोंद ठेवावी, यासाठी ती केलेली. वहीत दिनांक आहेत, वेळ आहे, 'शाळा चार मिनिटांत रिकामी झाली' अशा नोंदी आहेत आणि प्रत्येक नोंदीखाली माझी सही आहे. त्यांतील एकही कवायत झालेली नाही. परीक्षा असत, निवडणुकीची कामे असत, पाऊस असे. वही मात्र पूर्ण होती, आणि तपासणीत तिच्यावर कधी प्रश्न आला नाही. हरणीनंतरच्या सत्रातही मी तिच्यावर सही केली. मस्टरचा जो पहिला अर्थ मी वर सांगितला, त्या अर्थाने माझी शाळा सदैव सुरक्षित होती.

गोव्याहून परतल्यावर सोमवारी मी कोणालाही न सांगता मधल्या सुटीनंतर घंटा वाजवावयास सांगितले: सात आखूड आणि एक लांब. शिपायाला वाटले, माझे डोके ठिकाणावर नाही. शिक्षक बाहेर येऊन एकमेकांकडे पाहू लागले. वरच्या मजल्यावरचे दोन वर्ग एकाच जिन्यावर समोरासमोर आले आणि अडकले. चौथीच्या वर्गातून एक मुलगा दप्तरासाठी परत गेला. त्याला मी रागावलो नाही. शाळा रिकामी व्हावयास अकरा मिनिटे लागली. माणसे मोजली तेव्हा तीन कमी आली. ती प्रसाधनगृहात होती, आणि तेथे घंटा ऐकूच येत नाही हे आम्हांला त्या दिवशी कळले.

पटांगणाकडे उघडणारे मागचे दार आम्ही कवायतीत धरले होते. त्याला कुलूप होते. किल्ली कार्यालयात नव्हती, शिपायाकडे नव्हती. शोध घेता ती तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या शिपायाच्या घरी, देवघरातील खिळ्याला अडकविलेली सापडली. आणून लावली तर कुलूप गंजलेले. तेल घालूनही ते उघडेना. शेवटी लोहाराकडून तोडून घेतले. नवे कुलूप आणण्याची सूचना दोन वेळा झाली आहे. मी अजून मंजूर केलेली नाही.